बोअर कोण बघणार?

मागच्या सेमिस्टरला वर्कशॉपच्या जॉबला मला 20 पैकी 18 मिळाले. जॉब साधाच होता. 40 मिमी व्यासाचा, वीतभर लांबीचा बार, त्यात आरपार 12 मिमीचं होल आणि एका टोकाला बाहेरून आटे. टर्निंग झकास, एमरी पेपर मारून चकाचक, व्हर्नियरवर माप बरोबर. सरांनी हातात घेऊन फिरवला, सही केली, विषय संपला.

सुट्टीत मी मिरज एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर शिकायला जात होते. तिथल्या टर्नर काकांना तो जॉब दाखवला (जरा मिरवायलाच, खोटं कशाला बोलू!). त्यांनी तो डोळ्याला लावून आत बघितलं आणि विचारलं, "आटे कशावर धरून पाडलेस?"

एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. 'आटे' म्हणजे थ्रेड हे मला तिथेच पहिल्या दिवशी कळलं, तोवर आटा म्हणजे फक्त मेसच्या चपात्यांचा!

"बाहेरच्या अंगावर," मी म्हटलं.

"मग होल गेलं कुठं?"

त्यांनी जॉब फोर-जॉ चकमध्ये धरला, बाहेरून ट्रू केला आणि लिव्हर डायलचं टोक आट्यांच्या बाजूने होलच्या आत टेकवलं. चक हाताने फिरवला तर काटा 0.40 मिमी हलला. म्हणजे होलचं केंद्र 0.20 मिमीने सरकलेलं. ड्रिल मी मागच्या टोकाकडून घातलं होतं. लांब ड्रिल आत जाता जाता वाहवत जातं, हे थिअरीत लिहून मी मार्कसुद्धा मिळवले होते.

रायफलच्या नळीचं अगदी हेच असतं. तिच्या तोंडाला आटे पाडायचे तर बाहेरचा गोल ट्रू करून भागत नाही, कारण तो आणि आतलं बोअर एकाच केंद्रावर असतील याची खात्री नसते. गोळी बोअरच्या रेषेत जाते, पॉलिशच्या नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या टार्गेटवरचा दहाचा गोल फक्त 10.4 मिमीचा असतो!

पुढची दोन तास काकांनी मला बोअरवरून जॉब धरायला लावला. समोरासमोरचे दोन जॉ घ्यायचे, काटा जितका हलतो त्याच्या निम्मं सरकवायचं, मग उरलेली जोडी. तोंडाशी काटा थांबला आणि मी खूश. काकांनी डायल तसाच 50 मिमी आत सरकवला, तर काटा परत हलायला लागला. एका जागी केंद्र जुळलं तरी अक्ष तिरपा असू शकतो. म्हणून दोन ठिकाणी बघायचं. नळी लांब असेल तर ती स्पिंडलमधून आरपार घालतात, पुढे चक आणि मागे चार स्क्रू. पुढचं जुळवलं की मागचं बिघडतं, मागचं जुळवलं की पुढचं. जॉच्या खाली तांब्याची पट्टी किंवा तार ठेवायची, म्हणजे जॉबला किंचित कलायला जागा राहते. नाहीतर जॉ त्याला जबरदस्तीने वाकवतात आणि चक सोडला की तो परत मूळ जागी! हे सगळं थ्री-जॉवर होत नाही. तो आपला आपण सेंटर करतो, पण बाहेरच्या अंगावरून.

एवढ्याशा तिरपेपणाने काय होतं? 50 मिमीत 0.05 म्हणजे मीटरला 1 मिमी. विहिरीवरच्या टर्बाइन पंपाचे पाइप आट्यांनी एकमेकांत बसतात आणि आतून शाफ्ट फिरतो. तीन मीटरच्या पाइपचे आटे एवढे तिरपे असतील तर खालचं टोक 3 मिमी बाजूला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर कारखाना काढला. ते औंध आज साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत, आणि तिथे आजही पंप बनतात. त्याआधी लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मास्तरकी आणि लेथ दोन्ही एकाच माणसाला जमायचं, आपल्याकडे मात्र लेथ म्हणजे फक्त सबमिशन!

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्कशॉपचे निम्मे मार्क बोअरवर डायल लावून द्यावेत. सध्या चकाकीला मार्क मिळतात, म्हणून मुलं बाहेरून तयार जॉब विकत आणतात. तो चकाकतोच! पण समोर जॉब धरून काटा थांबवून दाखव म्हटलं, तर विकत काय आणणार?

साठ जणांना वेळ कुठून आणायचा, असं सर म्हणतील. मान्य. मलाही पहिल्यांदा दोन तास लागले. पण महिनाअखेरीस वीस मिनिटांत जमायला लागलं. डायल मोडतात हेही खरं, एक माझ्याच हातून आपटला होता. तरीपण आपले डायल कपाटात नव्या डबीत पडून आहेत आणि फोर-जॉ चक टूल रूमच्या कोपऱ्यात गंजतोय. मी आणि माझ्या रूम पार्टनरने शनिवारी दुपारी तो मागून घेऊन साफ करायचं ठरवलंय. रॉकेल आणि चिंध्या आमच्याकडे आहेत. तांब्याची तार कुणाकडे असेल तर घेऊन या.