बत्तीस हजारांचा लॅपटॉप

दहावीचे निकाल लागले आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की आमच्या टपालात एकाच प्रश्नाची रांग लागते. "काका, लॅपटॉप कोणता घेऊ?" या वेळी त्यातलं एकच पत्र घेतो, कारण त्यात हिशेब अगदी चोख मांडलाय.

मिरजेजवळच्या एका गावातली ही आपली मैत्रीण नववीत शिकते. तिच्या दादाला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते. भिशीचे आणि शिवणाचे मिळून ३२ हजार रुपये बाजूला काढलेत. "यातच बसवायचं आहे आणि तीन वर्षं टिकलं पाहिजे," हे वाक्य तिनं लाल पेनानं अधोरेखित केलंय.

आता घरात तीन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात, दुकानातला नवा कोरा घ्यायचा. किंमत २९,९९०, वर बॅग, माऊस आणि हेडफोन फुकट! दादाला ४६ हजारांचा हवाय, बिनव्याजी हप्त्यांवर. आणि कोल्हापूरचे मामा म्हणतात, कंपनीत वापरलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला लॅपटॉप २४ हजारांत मिळतो, तो घ्या. आईचं मत पत्रात नाही. पण पैसे निम्मे तिचे आहेत, तेव्हा तिलाही विचारा बरं का.

तुम्ही असता तर कुणाच्या बाजूनं मत दिलं असतं? पुढं वाचण्याआधी मनात ठरवून ठेवा.

सगळ्यात आधी बाबांचा लॅपटॉप पाहू. आपल्या मैत्रिणीनं खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठवलाय (शाबास!). सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १२८ जीबी ईएमएमसी. यातला शेवटचा शब्द पाहून माझ्या पोटात गोळाच आला. का, ते सांगतो.

स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा. काम चालू असताना जे जे लागतं ते त्यावर मांडायचं. स्टोरेज म्हणजे फडताळ. काम नसताना सगळं त्यात. ओटा लहान असेल तर प्रत्येक वेळी डबा आत ठेवा, दुसरा बाहेर काढा, अशी ये-जा करावी लागते. आणि फडताळाचं दारच अडकत असेल तर? मग भाजी जळलीच म्हणून समजा!

जुन्या लॅपटॉपमध्ये फडताळ म्हणजे हार्ड डिस्क असायची, एक फिरती तबकडी. बहुतेकींचा वेग मिनिटाला ५४०० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. ऐकायला फार वाटतं, पण हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत प्रोसेसरला वाट पाहत बसावं लागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की तो तरणाबांड झाल्यासारखा पळतो. ईएमएमसीही चिपच, पण स्वस्त फोनांत असते त्या जातीची. एसएसडीपेक्षा हळू, आणि मुख्य म्हणजे बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली. पुरली नाही तर बदलता येत नाही. बिघडली तर बोर्डच बदला!

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच एक गोजिरवाणा लॅपटॉप घेतला होता, ३२ जीबी ईएमएमसीचा. वजन कमी, रंग छान, किंमत त्याहून छान. सहा महिन्यांनी विंडोजचं मोठं अपडेट आलं आणि ते उतरवून घ्यायलाच आत जागा उरली नव्हती. फोटो पुसले, फाइली पुसल्या, तरी पठ्ठ्या "जागा अपुरी" म्हणून अडून बसला. दुकानदार म्हणाला, "साहेब, यात वाढवता येत नाही." घेताना हे बोलला असता तर! तो लॅपटॉप अजून माळ्यावर पडलाय.

आता ४ जीबी रॅमचं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा सांगितली आहे. पण किमान म्हणजे नुसतं सुरू होण्यापुरतं. दादाला पुढं ऑटोकॅड लागणार, आणि त्या प्रोग्रॅमची कंपनीच किमान ८ जीबी रॅम आणि १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा मागते. म्हणजे बाबांचा लॅपटॉप नवा असूनही पहिल्याच परीक्षेत नापास. फुकटच्या हेडफोननं त्याला वाढीव गुण मिळत नाहीत.

दादाचा पक्ष मात्र दोन मिनिटांत निकालात निघतो. बिनव्याजी हप्ता म्हणजे व्याज कुठंतरी लपवलेला हप्ता. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. रोख पैसे देणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला बहुधा मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. दुकानदाराला इतकंच विचारायचं, "आत्ता रोख दिले तर किती?" दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे खरं व्याज. शिवाय ३२ हजारांतच बसवायचं, असं लाल पेनानं लिहिलंय ना?

राहिले मामा. हे लॅपटॉप येतात कुठून? मोठ्या कंपन्या आपल्या नोकरदारांसाठी शेकड्यानं लॅपटॉप भाड्यानं घेतात. तीन-चार वर्षांचा करार संपला की ते परत जातात, साफसफाई-दुरुस्ती होते आणि बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. नवे असताना ते आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे. पण रोज आठ तास वापरायचे म्हणून बांधणी भक्कम, कीबोर्ड चांगला, आणि बऱ्याच मॉडेलांचे स्क्रू काढून रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग वाचाल, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हणा) अशी दुकानं आहेत, आणि आता लहान शहरांतही निघाली आहेत.

मामांनी सांगितलेला लॅपटॉप असा: कोअर आय ५, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, एक वर्षाची वॉरंटी. कागदावर उत्तमच. पण थांबा. "आय ५" एवढ्यावर भुलायचं नाही. "मुलगा पाचवीत आहे" म्हटलं तर कुठल्या सालच्या पाचवीत, हेही विचारावं लागतं की नाही? आय ५ च्या पुढचा आकडा पाहायचा. आय ५-७२००यू मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, साल २०१६, आणि आत कोअर म्हणजे कामकरी फक्त दोन. आय ५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, साल २०१७, आणि कामकरी चार. नाव एक, पण कामकरी दुप्पट. उलट आय ३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा "धाकटा" आय ३, पण त्यात सहा कोअर आहेत. हा २०२२ चा धाकटा त्या २०१६ च्या थोरल्याला सहज मागं टाकतो.

आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासून पुढं. सातव्या पिढीचा लॅपटॉप इतका स्वस्त का झाला, ते आता कळलं ना?

एएमडीच्या रायझनमध्ये तर याहून मोठी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. फरक ओळखा पाहू! फक्त तिसरा अंक वेगळा. पण तो तिसरा अंकच आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात २०१९ मधली रचना आणि चार कोअर, दुसऱ्यात २०२० मधली आणि सहा. दुकानातल्या चिठ्ठीवर दोघांनाही नुसतं "रायझन ५" लिहिलेलं असतं. म्हणून पूर्ण नंबर वहीत उतरवून घ्यायचा. विक्रेता घाई करू लागला तर आणखी सावकाश उतरवायचा.

तर मामांच्या बाजूनं माझं मत. पण अटी आहेत, आणि त्या तपासायचं काम मैत्रिणी, तुझं. दुकानात जाताना एक पेन ड्राइव्ह आणि ही पानं सोबत ने.

प्रोसेसरचा आकडा आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना? पडदा १९२० बाय १०८० चा आहे ना? या जुन्या लॅपटॉपमध्ये १३६६ बाय ७६८ चे पडदेही पुष्कळ येतात, ते दादाच्या उपयोगाचे नाहीत. नोटपॅड उघडून कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबायची, अगदी कोपऱ्यातलीसुद्धा. पांढरं पान पडदाभर करून डाग दिसतात का पाहायचं. पेन ड्राइव्ह प्रत्येक खाचेत लावून बघायचा. पडदा हळूच उघड-मीट करायचा. बिजागरी कुरकुरली, तर समजायचं की हा कुठंतरी पडलेला असू शकतो. विंडोज रीतसर चालू केलेलं आहे का, हे सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर दिसतं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा. चालू होतानाच कुठल्या तरी कंपनीचा पासवर्ड मागितला, तर तिथंच नमस्कार करून बाहेर पडायचं. आणि तळाशी असलेला सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यायचा. बिल नाही, तर व्यवहार नाही. चोरीचा माल स्वस्तच असतो.

बॅटरीसाठी दुकानदाराला म्हणायचं, "बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा." विंडोजमध्येच ती सोय आहे. त्यात दोन आकडे असतात, नवी असतानाची क्षमता आणि आताची. पहिला ४५,००० आणि दुसरा ३०,००० असेल, तर बॅटरी दोन-तृतीयांश उरली. आता गणित करा. ३०,००० मिलीवॉट-तास म्हणजे ३० वॉट-तास. साध्या लिखापढीला लॅपटॉप ८ ते १० वॉट खातो असं धरलं, तर तीन-साडेतीन तास. गावात लोडशेडिंग असेल तर हा आकडा पडद्याच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. "आठ तास बॅकअप" असं तोंडी सांगणाऱ्याला हे गणित करून दाखवा, गंमत येईल.

जाता जाता एक. २५६ जीबीच्या एसएसडीत विंडोज साधारण २३८ जीबीच दाखवतं. म्हणून फसवणूक झाली असं समजून भांडू नका. कंपनी जीबी मोजते १००,००,००,००० बाइटचा, आणि विंडोज मोजतं १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ चा, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. भागाकार स्वतः करून पाहा.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. नव्या वस्तूचा आग्रह मला समजतो. मुलाला होस्टेलवर जुनं द्यायचं, हे मनाला लागतं. पण इथं ८ हजार हाताशी उरतात. दीड-दोन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेलच, तेव्हा ते उपयोगी पडतील. रॅम मात्र "पुढं वाढवू" म्हणून आता कमी घेऊ नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच भडकले होते, आणि बाजार कधी उलटेल ते कुणी सांगावं! आधीच १६ जीबी असलेला मिळतोय, तर तोच बरा. आणि घाई नको. डिप्लोमाच्या सुरुवातीला ड्रॉइंग बहुधा शीटवर, मिनीड्राफ्टरनं काढावं लागतं. आधी वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा की कोणता प्रोग्रॅम कधीपासून लागतो. ऑटोकॅडची विद्यार्थ्यांसाठीची प्रत कंपनी फुकट देते, तेव्हा "सगळे प्रोग्रॅम टाकून देतो, दोन हजार होतील" असं म्हणणाऱ्याला ते पैसे देऊ नका. हा लॅपटॉप साध्या ड्रॉइंगला छान चालेल. मोठमोठ्या यंत्रांच्या थ्रीडी जुळणीत तो दमेल. ते काम कॉलेजच्या लॅबमध्ये करायचं.

पत्राच्या शेवटी, समासात, अगदी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे. "लॅपटॉप दादा होस्टेलवर नेणार. मग माझं काय?"

खरं सांगू? उरलेल्या ८ हजारांत दुसरा लॅपटॉप येत नाही, आणि येतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण दादा सुट्टीत घरी येईल, तेव्हा लॅपटॉप आणायचाच, हे आत्ताच, पैसे मोजायच्या आधी, सगळ्यांसमोर ठरवून घे. त्यात तुझ्या नावाचं वेगळं खातं उघड, वेगळ्या पासवर्डचं, म्हणजे तुझ्या फाइली दादाच्या फाइलींत मिसळणार नाहीत. शाळेच्या संगणक खोलीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून ठेव. आणि कोल्हापूरला लॅपटॉप तपासायला तूच जा. दादाला कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबून बघायचा कंटाळा येणार, हे मला आत्ताच दिसतंय!

काय ठरलं ते कळव. बॅटरी रिपोर्टमधले दोन आकडे पत्रात लिहायला विसरू नकोस.