उचलून घेऊ नका, पायरी तोडा!

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदी यांचे लग्न झाले. विराली व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सह्या घ्यायला अधिकारी खाली आले नाहीत. शेवटी नवरीला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. त्यांनी हे जाहीर केल्यावर बोभाटा झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली, कारवाईचे आश्वासन दिले. लोक हळहळले आणि विषय संपला.

आमच्या मते विषय तिथून सुरू होतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर सव्वा वर्षाने सरकारी कार्यालयात एका नागरिकाला गोणीसारखे उचलून न्यावे लागते, तेव्हा त्याला गैरसोय म्हणत नाहीत. त्याला कायदेभंग म्हणतात, आणि तो करणारे खुद्द सरकार असते.

याच विराली मोदींनी २०१७ साली रेल्वे सुगम करा म्हणून मोहीम उभारली होती. का? डब्यात चढायची सोय नसल्याने हमालांनी त्यांना उचलले आणि उचलताना विनयभंग केला, तोही एकापेक्षा जास्त वेळा, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. समाज ज्याला मदत म्हणतो ती ही. ज्याला उचलले जाते त्याचे शरीर त्या क्षणी त्याचे राहत नाही, हे बाईमाणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खारदांड्यात आमचा एक मित्र राहतो. पोलिओने पाय गेले, व्हीलचेअरवर फिरतो. तो बौद्ध नाही, दांड्यातल्या कोळी घरातला आहे. आमच्याशी राजकारणावर कडाकडा भांडतो आणि आमच्या अर्जांतल्या चुकाही तोच काढतो. गेली कित्येक वर्षे त्याची मागणी एकच आहे: बस फूटपाथला लागून उभी करा, रॅम्प असेल तर तो उघडा, थांब्यासमोर उभ्या केलेल्या गाड्या हटवा. उत्तर ठरलेले, अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. उचलायला चार पोरे त्याला दांड्यात कधीही मिळतील. पण त्याला एकट्याने, स्वतःच्या वेळेला जायचे आहे. उशीर झाला तर कुणाची माफी मागायची नाही, लवकर निघायचे तर कुणाला उठवायचे नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

आता हिशोब पाहा. साध्या बसचे किमान भाडे १० रुपये, रिक्षाचे २६. बसमध्ये चढता येत नाही म्हणून आमचा मित्र रोज रिक्षाने स्टेशन गाठतो. म्हणजे एका खेपेला किमान १६ रुपये जास्त, येऊन-जाऊन ३२. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८३२ रुपये. हा दंड आहे, आणि गुन्हा काय, तर पाय नसणे. एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीची पायरी शंभर टक्के आहे. सवलत दिली की प्रवेश द्यायला नको, हा या व्यवस्थेचा हिशोब आहे.

मित्रांनो, हा दंड आपल्या ओळखीचा नाही का? १९०१ साली लहानगा भीमराव मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. अखेर एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. १९२९ साली, बाबासाहेब बॅरिस्टर झाल्यावरसुद्धा, चाळीसगावचे टांगेवाले त्यांना न्यायला तयार झाले नाहीत. वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. काही दिवस आपण अपंग झालो होतो, हे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतःच नोंदवले आहे. वाहन नाकारणे हा बहिष्काराचा जुना प्रकार आहे. तेव्हा गाडीवाला तोंडाने नाही म्हणत होता, आज बसची पायरी म्हणते. जात आणि अपंगत्व एक नाहीत, पण रस्ता बंद करण्याची रीत एकच आहे.

आपलेच काही कार्यकर्ते विचारतात, हा आपला प्रश्न आहे का? २०११ ची जनगणना उघडा. देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. कुपोषण, धोक्याचे काम, वेळेवर न मिळणारे उपचार यांचा भार कुणाच्या अंगावर पडतो, हे आपल्या वस्त्यांना ठाऊक आहे. अपंगत्व घडवलेही जाते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल आणि फलाटामधल्या फटीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला जोर आला. ज्या फटीने व्हीलचेअर अडते, तीच धडधाकट माणसाला अपंग करते.

दुसरा प्रश्न येतो तो पैशांचा. १९९५ च्या कायद्याने वाहतूक यंत्रणांना पळवाट दिलीच होती: आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत जमेल तेवढे करा. ती क्षमता कधी आलीच नाही. मात्र त्याच २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तिथे लिफ्ट आहे आणि डबा फलाटाच्या पातळीत आहे. म्हणजे तंत्र आहे, पैसाही आहे. तो कुणासाठी काढायचा, हा निर्णय राजकीय आहे.

मग नवे नाव देण्यात आले, ‘दिव्यांग’. हरिजन म्हणून देवाचे लेकरू करायचे आणि पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही, हा खेळ बाबासाहेबांनी ओळखला होता आणि ते नाव नाकारले होते. ज्याच्या अंगात दिव्यत्व घातले, त्याला रॅम्प द्यायची गरज कुणाला वाटेल?

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे महाडने शिकवले. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे ठरवले, पण ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. अपंगांचा कायदाही तसाच कागदावर आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सांगितले आणि तीन महिन्यांची मुदत दिली. ही लढाई रतुरी यांनी २००५ पासून लढली. न्यायालय ठराव देईल. ओंजळ आपल्यालाच भरावी लागेल.

ती कुणासोबत भरायची, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. वेड ब्लँक हा गोरा धर्मोपदेशक सेल्माच्या मोर्चात कृष्णवर्णीयांबरोबर चालला होता. पुढे डेन्व्हरच्या एका शुश्रूषागृहात कोंडलेल्या अपंग तरुणांशी त्याची मैत्री झाली. त्याने त्यांना बाहेर काढून स्वतंत्र राहायला मदत केली. ५ जुलै १९७८ रोजी त्यांच्यातल्या १९ जणांनी भर चौकात शहर बस अडवल्या आणि रात्रभर रस्त्यावर ठाण मांडले. १९९० साली अमेरिकेत नव्या सार्वजनिक बसला लिफ्ट किंवा रॅम्प सक्तीचा करणारा कायदा झाला. ब्लँकने त्या मुलांना बसमध्ये उचलून चढवले असते तर तो दयाळू ठरला असता. तो बस अडवायला त्यांच्या शेजारी उभा राहिला, म्हणून तो मित्र ठरला.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणेच्या पुढे मैत्री सांगितली आहे. दया उंचावर उभी राहून हात देते. मैत्री ती उंचीच काढून टाकते.

म्हणून आमची तरुणांना हाक आहे. आपल्या भागातल्या अपंग साथीबरोबर थांब्यापासून फलाटापर्यंत जा, कुठे अडते ते लिहून काढा. प्रत्येक आगारात रॅम्प असलेल्या बस किती आणि त्यातले चालू रॅम्प किती, हे माहिती अधिकारात विचारा. विहार, समाजमंदिर, अभ्यासिका यांना रॅम्प बांधा. १४ एप्रिलच्या वर्गणीतून आधी रॅम्प, मग डीजे. आणि अपंग साथीला मंचावर सत्काराच्या शालीपुरते बोलावू नका, निवेदन त्याला लिहू द्या आणि शिष्टमंडळाचे नेतृत्वही त्यालाच करू द्या.

पायरी देवाने बनवलेली नाही. माणसाने बनवली, माणूसच तोडेल.

जय भीम!