खपणाऱ्या कथेचा विटाळ

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका कथालेखन कार्यशाळेला गेले होते. दोन दिवस, चहा-नाश्त्यासकट. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मी हात वर करून विचारलं, "सर, आपली कथा खपावी यासाठी काय शिकावं लागतं?"

हॉलमध्ये हशा पिकला. सर हसले नाहीत, दुखावले. म्हणाले, "मग दुकान टाका ना. इथे कशाला आलात?" यावर टाळ्याही पडल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय 28. आमच्या ऑफिसात कुणी 'हे लोक वापरतील का?' असं विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. उलट तो प्रश्न न विचारणाऱ्याची मीटिंगमध्ये धुलाई होते. साहित्यात मात्र तोच प्रश्न विचारला की सोवळ्यातल्या माणसाला शिवल्यासारखं होतं. त्या दुपारी मी गप्प बसले. आज बोलते.

अनोळखी माणसाने स्वतःचा वेळ आणि पैसे घालून शेवटपर्यंत वाचावं असं लिहिणं ही शिकण्याची गोष्ट आहे. ती शिकता येते. आणि ती न शिकण्याला आपण निष्ठा म्हणतो, पण बहुतेक वेळा तो नुसता आळस असतो.

"प्रतिभा शिकवता येते का?" हा ठरलेला प्रश्न. ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' हे पुस्तक लिहिलं, कथा-कादंबरी कशी रचायची यावर. म्हणजे तंत्र शिकता येतं ही गोष्ट मराठीत नव्वद वर्षांहून जुनी आहे. फडक्यांच्या कादंबऱ्या तुफान खपायच्या आणि 1940 साली ते रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पुढे नवकथा आली, तिने ते साचे मोडले, आणि मोडायलाच हवे होते. पण त्या गडबडीत 'तंत्र' हा शब्दच शिवी होऊन बसला. साचा मोडणाऱ्यांना आधी तो येत होता. आपण मात्र काहीच न शिकता थेट मोडायला निघालोय.

'खपाऊ' ही दुसरी शिवी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या नादाने किती पिढ्यांना वाचनाची चटक लागली! सर्क्युलेटिंग लायब्ररीत भाडं भरून लोक ही पुस्तकं न्यायचे. साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा किती? कौतुकाच्या एखाद्या वाक्यापुरती. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' कॉलेजातल्या पोरांनी एकमेकांकडून मागून, पानं सुटेपर्यंत वाचली. 2013 साली तिच्यावर सिनेमा आला आणि सगळ्यांना एकदम शिरवळकर आठवले. तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

आता तिसरं उदाहरण घ्या, कारण ते सोवळ्यातल्यांनाही नाकारता येणार नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम करायचे. समोर माणसं बसलेली. हशा कुठे येतो, खोकला कुठे सुरू होतो, मागच्या रांगेतली पोरं कुठे चुळबुळ करतात, हे तिथल्या तिथे कळायचं. आमच्या धंद्यात याला युजर टेस्टिंग म्हणतात. तिघेही पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कथा सांगणाऱ्याची प्रत घसरते, हे मला कुणी सांगू नये.

माझी परीक्षा घेतली आईने. मी एका ॲपवर कथामालिका लिहायला घेतली होती. नायिका एसटीत कंडक्टर. पहिला भाग 400 जणांनी उघडला, तिसऱ्या भागावर 40 सुद्धा उरले नाहीत. मी स्वतःची समजूत घातली की आपलं लिखाण दर्जेदार आहे, म्हणून वाचक कमी. आई रोज दुपारी कुकर लावून मोबाइलवर दोन-तीन मालिका वाचते. तिनेही माझी तिसऱ्या भागावरच सोडली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "भाषा छान आहे गं. पण त्या बाईला नेमकं पाहिजे काय, तेच मला कळेना."

मी भाग उघडून पाहिला. सात परिच्छेद पाऊस. बसच्या काचेवरचा पाऊस, स्टँडच्या पत्र्यावरचा पाऊस, नायिकेच्या मनातला पाऊस. बाईला काहीच नको होतं. ती फक्त भिजत होती.

आता दुसऱ्या टोकाचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती खपाची वकिली करतेय. चिडून मी पुढची मालिका मुद्दाम बाजारू लिहिली. कराराचं लग्न, अब्जाधीश नवरा, खाष्ट सासू. वाचक धो धो आले. मग एका भागाच्या शेवटी मी नायिकेचा अपघात केला आणि पुढच्या भागात ते स्वप्न निघालं. एका वाचक बाईंनी लिहिलं, "ताई, रात्रभर जीव टांगणीला होता. असं फसवू नका." पुढच्या भागापासून वाचक गळायला लागले.

तेव्हा कळलं की खपाचं तंत्र म्हणजे ठरावीक मसाला नव्हे. वाचणाऱ्याला काहीतरी कबूल करायचं आणि ते पाळायचं, हे ते तंत्र. पाळताना त्याला चकवा जरूर द्या, पण गंडवू नका. हे शिकायला वेळ लागतो. कबुली कुठल्या ओळीत द्यायची, उत्तर किती ताणायचं, भाग कुठे तोडायचा. माझा प्रत्येक भाग मी आता चार-चारदा लिहिते. 'आतून आलं' म्हणून पहिला खर्डा तसाच छापायला देणाऱ्याला यातलं काय माहीत असणार?

आणि पैशांचं. मराठीत नुसत्या लिहिण्यावर घर चालवणारे बोटांवर मोजावेत इतकेच. बाकी सगळे प्राध्यापक, बँकेतले, सरकारी खात्यातले, आणि आता आम्ही आयटीवाले. महिनाअखेरीला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, म्हणून 'मी स्वतःसाठी लिहितो' असं म्हणणं आपल्याला परवडतं. मलाही परवडतं, ते लपवत नाही. पण दिवसभर ब्लाउज शिवून रात्री मोबाइलवर कथा टाइप करणारीला ते परवडत नाही. तिला त्यातून दोन पैसे हवेत. आपण तिला शिकवायला तयार नाही. मग 'महिन्याभरात बेस्टसेलर लिहा' म्हणून फी उकळणाऱ्यांच्या हाती ती सापडते. त्यांचं दुकान आपल्या सोवळ्यावर चालतं.

2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक 8 कोटी 30 लाख होते. आपल्याकडे कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी प्रकाशकाला घाम फुटतो. आणि आपण परिसंवाद घेतो, 'तरुण वाचत का नाहीत?' आई वाचते. लोकलमध्ये शेजारी बसलेली मुलगी वाचते. ते तुम्हाला वाचत नाहीत, एवढंच.

म्हणून कार्यशाळा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी एक तास प्रतिभेवर कमी बोला. त्या तासात प्रत्येकाला आपली कथा अनोळखी माणसांसमोर वाचायला लावा आणि त्यांचं लक्ष कुठे उडालं ते विचारा. रॉयल्टीचा करार कसा वाचायचा तेही शिकवा. आणि कुणी खपाबद्दल विचारलं तर हसू नका.

कंडक्टरची कथा मी पुन्हा लिहिली. आता तिसऱ्या भागात रात्री डेपोत पैसे मोजताना तिच्या हिशेबात 340 रुपये कमी भरतात आणि सकाळी लेकीची फी भरायची असते. पाऊस एका ओळीत उरकलाय.

दुसऱ्या दिवशी आईने चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "मिळाले का गं त्या बाईचे पैसे?"

चौथा भाग अजून लिहायचा होता. ऑफिसला दांडी मारली.