भंगार म्हणू नका, मोजून दाखवा!



शेतवस्तीवरच्या घराला वीज येते ती शेतीच्या फिडरवरून. आठ तास आली तर आली, बाकी अंधार. सरकार म्हणते, छपरावर सोलर बसवा. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. पण घरगुती वीजजोड पाहिजे आणि प्लेट कोऱ्या, देशी बनावटीच्याच पाहिजेत. शिवाय बॅटरी नसलेला हा संच लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. ज्याच्या घरात अंधार, त्याच्यासाठी ही योजना नाही!

दुसरीकडे मोठे प्रकल्प आणि कारखाने नव्या, जास्त वॅटच्या प्लेट बसवताना जुन्या उतरवतात. प्लेटची ताकद वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्काच उतरते. पंचवीस वर्षांनी ८० टक्के ताकदीची हमी कंपन्याच देतात. मग दहा-बारा वर्षांची धड प्लेट भंगार कशी?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी प्लेटचा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कचऱ्याची काळजी घेतली, बरे झाले. पण उतरवलेली प्लेट कचरा आहे की कामाची, हे आधी मोजायला नको? जालन्याच्या गिरण्या भंगार वितळवून सळई करतात. भंगार कशाला म्हणायचे, हे या जिल्ह्याला शिकवू नका.

आपणही डोळे झाकून घ्यायचे नाही. बैल घेताना दात बघतो, तसे प्लेटचे बघा. काच तडकलेली, पाठ जळालेली, डबीत पाणी शिरलेले असेल तर सोडून द्या. भर उन्हात मीटर लावून व्होल्ट आणि अँपिअर मोजा, मागच्या लेबलाशी ताडून पाहा. एका माळेत सारख्याच प्लेट जोडा, कमजोर प्लेट साऱ्या माळेला मागे ओढते. तीस व्होल्टची प्लेट बारा व्होल्टच्या बॅटरीला स्वस्त कंट्रोलरने जोडली तर निम्मी ताकद वाया जाते. तिथे एमपीपीटी कंट्रोलरच लावा. फ्यूज आणि अर्थिंग सोडू नका. बॅटरी मात्र जुनी घेऊ नका. आणि पावती नसेल तर हात लावू नका. शेजाऱ्याच्या पंपावरून चोरलेली प्लेट आपल्या घरात उजेड पाडणार नाही.

२५० वॅटची प्लेट जुनी होऊन २०० वॅट देत असली, तरी चांगल्या उन्हाच्या दिवशी पाऊण युनिट देते. ९ वॅटचे चार दिवे पाच तास आणि ३० वॅटचा पंखा दहा तास चालायला अर्धे युनिट पुरते. पोरांचा अभ्यास होतो, रात्री जनावरांकडे बघता येते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. उतरवलेल्या प्लेट मोडण्याआधी तपासा. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये तपासणीची सोय करा, धड प्लेटवर वॅट लिहून शिक्का मारा आणि पक्क्या पावतीने विका. अनुदान देऊ नका, पण आमची वाटही अडवू नका.

जालन्यापासून मंठ्यापर्यंत प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत हा ठराव झाला पाहिजे. ऊन आपल्याच रानात पडते. त्याचा उजेड आपल्या घरात का नको?