कावीळ उतरवण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख ठरवा

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले आणि या रोगाचे नाव राज्यात घरोघरी पोहोचले. त्याच्या उपचारातील एक महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच चर्चिला जातो. कावीळ झालेल्या रुग्णाची पित्तनलिका शस्त्रक्रियेपूर्वी मोकळी करावी काय?

स्वादुपिंडाच्या शिरोभागी गाठ वाढली की पित्तनलिका दाबली जाते. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, मलाचा रंग फिकट होतो; पोट मात्र अनेकदा दुखत नाही. त्यामुळे साधी कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधात आठवडे निघून जातात. अशा रुग्णाच्या पित्तनलिकेत तोंडावाटे दुर्बीण घालून स्टेंट बसवता येतो. पित्त आतड्यात उतरू लागते, कावीळ ओसरते आणि घरच्यांना धीर येतो.

या दिलाशाची किंमतही मोजावी लागते. नेदरलँड्समधील २०२ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. थेट शस्त्रक्रियेच्या गटात ३९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी प्लास्टिकचा स्टेंट बसवण्याच्या गटात हे प्रमाण ७४ टक्के होते. स्टेंट तुंबणे, पित्तमार्गात जंतुसंसर्ग होणे आणि स्वादुपिंडाला सूज येणे हे त्यातील मुख्य धोके. धातूच्या स्टेंटने ते कमी होतात, संपत नाहीत. म्हणून जंतुसंसर्गाचा ताप, अतिशय वाढलेले बिलिरुबिन, आधी द्यावयाची केमोथेरपी किंवा शस्त्रक्रियेस होणारा विलंब, अशा कारणांपुरताच हा उपाय राखून ठेवावा, याकडे तज्ज्ञांचा कल आहे.

यातील अखेरचे कारण बहुधा व्यवस्थेतून येते. तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरील वांकिडीचे उदाहरण घ्यावे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. एंडोस्कोपीसाठी ख्यातनाम असलेले हैदराबाद तेथून तीनशे किलोमीटरहून अधिक, तर नागपूर दोनशेहून अधिक दूर. डिसेंबर २०२३ मध्ये ‘आरोग्यश्री’ योजनेची मर्यादा १० लाख रुपये झाली. पण वाढीव रकमेने अंतर कमी होत नाही, तपासण्यांच्या फेऱ्याही टळत नाहीत. तोवर बिलिरुबिन चढत राहते आणि स्टेंट अपरिहार्य ठरतो.

गोव्यातील रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात काही तासांत पोहोचू शकतो. लहान राज्याचा हा लाभ वाया जाऊ नये. स्टेंटपूर्वी सीटी स्कॅन व्हावा, कारण स्टेंट बसवल्यावर गाठीची व्याप्ती नेमकी ठरवणे अवघड होते. शल्यचिकित्सक आणि एंडोस्कोपीतज्ज्ञ यांनी एकत्र निर्णय घ्यावा आणि गाठ काढण्याजोगी असल्यास शस्त्रक्रियेची तारीख प्रथम निश्चित व्हावी. ती तारीख जवळची असेल, तर अनेक रुग्णांना स्टेंटची गरजच उरणार नाही.