कात्रीच्या आधी आरसा

आम्ही सतरा ते सत्तर वयाच्या बायका आहोत. आमच्या शरीराच्या एका भागासाठी आम्हाला घरात शब्दच मिळाला नाही. ‘तिथे’, ‘खाली’, ‘शूची जागा’ एवढ्यावर बालपण निघालं. शाळेच्या पुस्तकात ‘योनी’ भेटली, पण ती आतला मार्ग. बाहेर दिसणारे जाड ओठ म्हणजे बृहद्‌भगोष्ठ आणि त्यांच्या आतल्या पातळ पाकळ्या म्हणजे लघुभगोष्ठ, हे आमच्यातल्या कित्येकींना कळलं ते थेट ‘लॅबियाप्लास्टी’च्या जाहिरातीतून. अवयवाची ओळख आणि तो कापण्याचा दर एकाच पानावर!

हे आम्हाला मान्य नाही. ज्या मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून लैंगिक आरोग्यावर उघड लिहिलं, त्याच मराठीत आमच्या लेकी अजून स्वतःच्या अंगाबद्दल कुजबुजतात. म्हणून ही चळवळ.

लॅबियाप्लास्टी म्हणजे बहुतेक वेळा लघुभगोष्ठ कापून लहान करणं. आम्ही या शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. सायकल चालवताना, धावताना ज्यांना खरोखर घासून जखमा होतात, संभोगात ज्यांच्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन दुखतात, त्यांचं दुखणं खरं आहे. शस्त्रक्रियेनंतर समाधानी असलेल्या बायकाही पुष्कळ आहेत. त्यांच्या निर्णयाला कुणी नखरे म्हणू नये. आमचा विरोध आहे तो लाजेला, आणि त्या लाजेवर चालणाऱ्या धंद्याला.

लाज वाटते, कारण तुलना करायला आपल्यासमोर दुसरं काही नसतं. असतात ती पडद्यावरची गुळगुळीत, गुलाबी, मिटलेली चित्रं. खरी बाई कशी असते? लंडनमध्ये डॉक्टरांनी ५० बायकांची मापं घेतली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. लघुभगोष्ठांची लांबी २० पासून १०० मिलिमीटरपर्यंत निघाली, रुंदी ७ पासून ५० पर्यंत. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या रुग्णालयात १५ ते ८४ वयाच्या ६५७ जणी मोजल्या गेल्या. तो अभ्यास २०१८ चा, आणि तिथेही लांबी ५ ते १०० मिलिमीटर. म्हणजे एकीपेक्षा दुसरीची वीसपट, आणि दोघी निरोगी! एक पाकळी लांब, दुसरी आखूड, कडा चुणीदार, बाहेर डोकावणारी: हे सगळं नेहमीचं आहे. रंगही तपकिरी, जांभळट, काळसर असतो. वयात येताना संप्रेरकांमुळे तो गडद होतो. तो मळ नाही, आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा काहीही पत्ता लागत नाही. ही शेवटची ओळ आम्हाला लिहावी लागते याचा आम्हाला संताप आहे.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. एका पद्धतीत पाकळीची कड कापून शिवतात. दुसरीत मधला त्रिकोणी तुकडा काढून दोन्ही बाजू जोडतात, म्हणजे मूळची कड राहते. टाके बहुधा आपोआप विरघळतात. सूज उतरायला काही आठवडे लागतात. संभोग आणि सायकल साधारण सहा आठवडे बंद. रक्त साचू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाके सुटू शकतात, व्रण दुखत राहू शकतो. सगळ्यांत वाईट म्हणजे गरजेपेक्षा जास्त कापलं जाणं. या पाकळ्यांमध्ये संवेदनेच्या नसा दाट असतात आणि कापलेला भाग परत चिकटवता येत नाही. केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियांची सुरक्षितता आणि उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली बजावलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलींवर ही शस्त्रक्रिया करू नये, कारण त्यांची वाढ पुरी झालेली नसते, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्येच सांगितलं.

कापणं हा बायकांच्या दुखण्यावरचा पहिला उपाय ठरतो तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. तिथे गरिबी होती, इथे पैसा आहे. भीती घालण्याची रीत आम्हाला तीच दिसते.

म्हणून आमचं मागणं डॉक्टरांकडे आहे: आधी दुखणं शोधा. खाज, आग हे बुरशीमुळे असू शकतं, त्वचारोगामुळे असू शकतं, सुगंधी साबणामुळेही. सैल सुती कपडे, साधं व्हॅसलीन, सायकलची सीट बदलणं, केस मुळापासून न काढणं, हे आधी करून पाहू द्या. तरीही शस्त्रक्रिया ठरली तर नेमकं किती कापणार ते आरसा धरून दाखवा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे की संमती पुरेशा माहितीनंतरची हवी, आणि ती ज्या शस्त्रक्रियेसाठी दिली तिच्यापुरतीच असते. त्या खटल्यात बाई भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईची सही तिचीच हवी, नवऱ्याची नको, सासूची तर नकोच.

आणि बाई गं, तूही डॉक्टरांना विचार. प्लास्टिक सर्जरीचं किंवा या कामाचं रीतसर शिक्षण झालं आहे का? अशा किती केल्या? टाके सुटले तर रात्री फोन कोण उचलणार, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा? निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा मिळत नाही, हेही आधीच धरून चाल. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून तर अजिबात घाई करू नकोस.

आम्ही गावोगावी बैठका घेणार आहोत. भगोष्ठांचे मातीचे नमुने असतील, सगळ्या आकारांचे. हातात घेऊन बघायचे. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्या समाधानी असोत की पस्तावलेल्या, त्यांनी जरूर यावं. कितव्या दिवशी नीट बसता आलं, स्पर्श पहिल्यासारखा राहिला का, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. नाव सांगायची गरज नाही.