शेजारी कोण बसते?
रायपुरातील मराठी पालकांसाठी पत्रक

तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी आणि रायपुरात जिथे जिथे मराठी घरे आहेत, तिथल्या पालकांपुढे एकच म्हणणे मांडायचे आहे. लहान मुलाच्या मनातला भेदभाव उपदेशाने जात नाही, कारण तो उपदेशाने आलेलाच नसतो. कोणाच्या डब्यातले खायचे, कोणाच्या घरी खेळायला जायचे, कामाला येणाऱ्या बाईंना कोणत्या कपात चहा मिळतो, कोणाच्या बोलण्याची नक्कल केली की मोठी माणसे हसतात, हे सारे मूल शाळेत जाण्याआधीच टिपत असते. पुढे 26 जानेवारीला त्याला बस्तरच्या आदिवासीचा पोशाख चढवून मंचावर उभे केले, तरी त्याच्या लेखी आदिवासी म्हणजे तो पोशाखच. बाकावर शेजारी बसणारी गोंड मुलगी त्याला कधी भेटलेलीच नसते. ज्या वर्गात सगळी मुले एकाच थरातली, तिथे सर्वधर्मसमभावाचा धडा पाठ होतो, अंगी लागत नाही.

हे नुसते मत नाही. 2007 मध्ये दिल्लीतल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी राखीव जागा भरणे भाग पडले. नव्या तुकड्यांत ही मुले आली, जुन्या तुकड्या होत्या तशाच राहिल्या, आणि अभ्यासकांना तुलनेची आयती संधी मिळाली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचा त्यावरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार निघाली, शाळेच्या धर्मादाय कामात जास्त पुढे आली, आणि धावण्याच्या सांघिक शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून डावलण्याचे त्यांचे प्रमाण घटले. यातली शर्यतीची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दानधर्म वरून खाली करता येतो. जिंकण्यासाठी एखाद्याला आपल्या संघात घ्यायचे, तर त्याची कुवत आधी मान्य करावी लागते.

‘पण आमच्या मुलाच्या अभ्यासाचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. त्याच अभ्यासात गणितावर आणि हिंदीवर काहीही परिणाम दिसला नाही. इंग्रजीचे गुण मात्र किंचित घसरलेले दिसले. ज्यांना हे किंचितही नको असेल त्यांनी तसे उघड म्हणावे, ‘दर्जा’ या शब्दाआड लपू नये. दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: गरिबांसाठी वेगळ्या, चांगल्या शाळा काढा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रातल्या बोर्डी गावी दलित आणि आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे पाहिले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ते काम थोर होतेच. पण त्याने अंगणातल्या मुलाची सोय झाली. बंगल्यातल्या मुलाच्या मनातली अढी काढायला तो उपाय पुरणार नाही. इथे प्रश्न बंगल्यातल्या मुलाचा आहे.

तिसरा आक्षेप असा की, लहान मुलांना जात कळत नाही, मग विषय काढून विष कशाला पेरायचे? अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या 642 मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमोर जात वाचून दाखवताच दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे खालावली. म्हणजे मुलांना जात नीट कळते, आणि ती चारचौघांत पुकारली की इजाही होते. म्हणून जातीवर आधारलेल्या शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचणे बंद व्हावे. मात्र शेजारच्या मुलाला कोणी टोचून बोलले तर ते चूक आहे, हे मुलाला स्वच्छ शब्दांत सांगण्याशी या प्रयोगाचे काही वैर नाही.

आपल्या समाजाचा म्हणून एक आक्षेप उरतोच: इथे मराठीच टिकवताना दमछाक होते, त्यात छत्तीसगढीचा मान कुठून राखायचा? आपले पूर्वज या मुलखात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांमागोमाग सत्तेच्या बाजूने आले, हे विसरू नये. छत्तीसगढीला 2007 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी ती बोलणाऱ्याला गावंढळ ठरवणारी थट्टा अजून आपल्या दिवाणखान्यात चालते. हिंदीतले पत्रकार-लेखक माधवराव सप्रे मराठी घरातले. 1900 मध्ये त्यांनी छत्तीसगढमधल्या पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. शेजाऱ्याच्या भाषेत उतरल्याने त्यांची मराठी आटली नाही. ज्या मुलाला रिक्षावाल्याच्या छत्तीसगढीवर हसायला शिकवले, तेच उद्या पुण्यात स्वतःच्या हिंदी वळणाच्या मराठीवर कोणी हसले की खजील होऊन गप्प बसेल.

तेव्हा मागणी साधी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना दिल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली; अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवू नये, असे केंद्राच्या 2010 च्या नियमांत लिहिलेले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत या जागा भरल्या का, ती मुले कोणत्या बाकावर बसतात, सहलीला आणि स्नेहसंमेलनाला त्यांना घेतले जाते का, हे येत्या पालकसभेत विचारा. प्रश्न शुल्क भरणाऱ्या पालकाने विचारला की शाळा उत्तर देते. मोफत जागेवरच्या मुलाच्या आईने विचारला तर तिला गप्प बसवणे सोपे असते.